आजोबांची पत्रं: घरच्या कपाटात की अभिलेखागारात?

घरी पत्रं हाताशी राहतात; आजी अजून एखादं काढून अक्षरांवर बोट फिरवते. पण नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, खोलीत कूलरचा दमटपणा, मग पावसाळ्यात वाळवी. टाचण्यांचा गंज कागद खातो, चिकटपट्टीचे पिवळे डाग जात नाहीत. लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते सोडवताना कागद जातो.

राज्य पुराभिलेख विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. १९५६पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या काळची घरगुती पत्रं सरकारी दप्तरांशेजारी ठेवली की वेगळंच बोलू लागतात. अभिलेखागारात सूची होते, अभ्यासकांना वाट मिळते. खासगी मजकुराच्या अटी मात्र आधी लेखी ठरवा.

मी मूळ पत्रं देईन, स्कॅन घरी ठेवीन. आजी आहे तोवर तिची चार पत्रं तिच्याच उशाशी.