अर्ध्या मीटरच्या आत न चालणारी लेन्स

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मी पुण्यात एका अनोळखी विक्रेत्याकडून कॅननची १०० मिलिमीटरची एल मालिकेतील (म्हणजे कंपनीच्या वरच्या दर्जाच्या लेन्समधील) जुनी मॅक्रो लेन्स ३४,००० रुपयांना विकत घेतली आणि त्या व्यवहारात पुरता फसलो. लेन्स कंपनीचीच होती, बाहेरून तिच्यावर ओरखडाही नव्हता, ती कॅमेऱ्यावर व्यवस्थित बसत होती आणि माणसांचे फोटो उत्तम काढत होती. मात्र किड्याच्या जवळ जाऊन फोटो काढणे, हे जे तिचे मुख्य काम, ते तिला जमत नव्हते आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. कीटकांचे फोटो काढण्यासाठी पै-पै साठवून जुनी लेन्स घेण्याच्या विचारात असलेल्यांनी हा अनुभव नीट वाचावा, कारण ही फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती पद्धत मॅक्रो लेन्सच्याच बाबतीत इतकी सहज साधते.

मी साताऱ्यात राहतो. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात आणि कासच्या वाटेवर चतुर, टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक), खंडोबाचे किडे आणि नाना रंगांचे भुंगेरे दिसतात आणि त्यांच्या ओढीने मी चार वर्षे सुटीच्या सकाळी तिकडे जात आलो आहे. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स रिंग लावून उलटी बसवायची, असा माझा तोवरचा खाक्या होता. अशा जोडणीने किडा खूप मोठा दिसतो, पण लेन्सचे तोंड त्याच्यापासून अवघ्या काही सेंटीमीटरवर न्यावे लागते, कॅमेऱ्यातून अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे लेन्समधले छिद्र, बदलता येत नाही, आणि चतुरासारखा सावध कीटक तेवढ्या जवळ क्वचितच येऊ देतो. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स एकास एक प्रमाणात, म्हणजे किड्याची सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची) प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी उमटवत असतानाही, लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत तेरा-चौदा सेंटीमीटर मोकळी जागा ठेवते. त्या मोकळ्या जागेसाठीच लोक जास्त पैसे मोजतात आणि मीही त्याचसाठी मोजले.

जाहिरात मोजक्या शब्दांत होती. विक्रेता लग्नाचे फोटो काढणारा असल्याचे सांगत होता आणि अंगठ्या, मंगळसूत्र, मेंदीचे बारकावे टिपण्यासाठी ही लेन्स घेतली होती, असे त्याचे म्हणणे होते. लग्नाचे फोटोग्राफर खरोखरच या कामासाठी मॅक्रो लेन्स वापरतात, त्यामुळे मला त्यात काही खटकले नाही. नमुना म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. त्यातला एक जास्वंदीच्या पानावर बसलेल्या हिरव्या-सोनेरी भुंगेऱ्याचा होता आणि त्याच्या पाठीवरचा एकेक खळगा मोजता येईल इतका तो स्वच्छ होता. फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांचा एक तुटका भाग दिसत होता. तो कुणाच्या तरी सहीचा कापून उरलेला तुकडा असावा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोच्या रूपात आलेल्या चित्रातून कॅमेरा आणि लेन्सची नोंद निघून जाते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागायला हवी होती. मी ती मागितली नाही.

भेट स्वारगेट बसस्थानकाजवळच्या एका चहाच्या दुकानात, संध्याकाळी सातनंतर ठरली. वेळ त्यानेच निवडली होती. "सर, एकदम मिंट कंडिशन आहे, हातात घेऊन बघा," असे म्हणत त्याने लेन्स पुढे केली. लेन्सच्या डाव्या बाजूला जिथे फोकसचे आणि स्टॅबिलायझेशनचे (हाताची थरथर सावरण्याच्या सोयीचे) खटके असतात, तिथे काळ्या कापडी टेपची एक पट्टी चिकटवलेली होती. टेपच्या कडांना जुना डिंक बाहेर येऊन त्यावर धूळ बसली होती. विचारल्यावर तो म्हणाला, "कामाच्या धांदलीत धक्का लागून बटणं हलतात, म्हणून आम्ही सगळेच टेप मारतो." हेही खरे आहे, कारण अशी टेप मी इतरांच्या लेन्सवर पाहिली आहे. मी लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावून त्याचा, दुकानातल्या पोऱ्याचा आणि समोरच्या भिंतीवरच्या दरपत्रकाचा फोटो काढला. फोकस क्षणात बसत होता आणि दरपत्रकावरची अक्षरे कोरल्यासारखी दिसत होती. मी टेबलावरच्या साखरेच्या भांड्याजवळ जाऊ लागलो, तेव्हा त्याने घाईने सांगितले, की इतक्या कमी उजेडात जवळून फोकस होणार नाही. मी ते मान्य केले. पाच हजार आधीच यूपीआयने दिले होते, उरलेले २९,००० तिथेच पाठवले. बिल घरी राहिले आहे, रात्री फोटो पाठवतो, असे सांगून तो निघून गेला. बिलाचा धूसर फोटो दुसऱ्या दिवशी आला आणि त्यावरच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे लेन्सवरच्या आकड्यांशी जुळत नव्हते.

पुढच्या रविवारी पहाटे मी यवतेश्वरला गेलो. गवताच्या पात्यावर एक टाचणी दवाने भिजून निश्चल बसली होती. पंखांवर ऊन पडून अंग तापेपर्यंत हे कीटक सहसा उडत नाहीत, त्यामुळे ती वेळ फोटोसाठी फार मोलाची असते. मी जवळ सरकत गेलो आणि साधारण अर्ध्या मीटरवर फोकस थांबला. टाचणी जेमतेम निम्म्या फ्रेमएवढी दिसत होती. टेपची आठवण होऊन मी ती नखाने खरवडून काढली, तेव्हा खाली फोकसची मर्यादा ठरवणारा खटका ०.५ मीटर ते अनंत या खुणेवर दिसला. या लेन्सवर या खटक्याच्या तीन जागा असतात: पूर्ण अंतर, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटर ते अनंत. मी तो पूर्ण अंतरावर सरकवला. फोकस अर्ध्या मीटरच्या आत गेला मात्र, लेन्सच्या आतून वाळू दळल्यासारखा आवाज आला, व्ह्यूफाइंडरमधले चित्र थरथरले आणि पडद्यावर 'एरर ०१' आले. कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संपर्क बिघडल्याची ती सूचना आहे. हाताने फोकस फिरवून पाहिला, तर कडे फिरत होते, पण चित्र एका जागी येऊन अडकत होते. ती टाचणी पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसून होती आणि मी तिचा एकही जवळचा फोटो काढू शकलो नाही.

पुण्यातल्या एका जाणकार दुरुस्ती कारागिराने लेन्स माझ्यासमोर उघडली. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते त्या कड्याच्या, स्क्रूंची तोंडे घासलेली होती, म्हणजे ती आधी कुणीतरी उघडली होती. आतला सरकणारा भिंगांचा गट ज्या खाचेतून चालतो, ती एका टोकाला वाकली होती. लेन्स कधीतरी पडली असावी, असे त्याने सांगितले. शिवाय आतल्या एका काचेच्या कडेला बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरले होते. या लेन्सची बाहेरची लांबी फोकस करताना बदलत नाही, सगळी हालचाल आतल्या आत होते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला आत काय अडकले आहे ते कळतच नाही. दुरुस्तीचा अंदाज १६,००० रुपये निघाला आणि त्यावरही हमी नाही.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि बँकेलाही कळवले. पैसे परत आलेले नाहीत. वस्तू समक्ष पाहून, स्वतःच्या हाताने पैसे पाठवल्यामुळे बँकेने व्यवहार उलटवण्यास नकार दिला. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते. माझे चार दिवस लेन्स तपासण्यातच गेले होते.

आता तपासणीबद्दल. जुनी मॅक्रो लेन्स पाहायला जाताना खिशात स्टीलची पट्टी आणि टॉर्च ठेवावा आणि भेट दिवसाउजेडी ठरवावी. फोकसच्या मर्यादेचा खटका पूर्ण अंतरावर ठेवून, फोकस हाताने सर्वांत जवळच्या टोकाला न्यावा आणि मग कॅमेराच पुढेमागे करून पट्टी स्पष्ट दिसेल तिथे फोटो काढावा. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर रुंदीत पट्टीचे ३६ मिलिमीटर मावले, तर प्रमाण खरोखर एकास एक आहे. माझ्यासारख्या कॅननच्या क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हा आकडा सुमारे २२ असायला हवा. ही पट्टी आणखी एक लबाडी उघडी पाडते: ७०-३०० सारख्या अनेक झूम लेन्सवर 'मॅक्रो' हा शब्द छापलेला असतो, पण त्यांचे प्रमाण फार तर एकास दोन असते, आणि मग त्याच क्रॉप कॅमेऱ्यावर ४४-४५ मिलिमीटर मावतात. त्यानंतर स्वयंचलित फोकस दूरच्या टोकापासून जवळच्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवून कान देऊन ऐकावे. शेवटी लेन्स कॅमेऱ्यावरून काढून एका बाजूने टॉर्च लावावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांची काळजी नको; फांद्या फुटल्यासारखे तंतू दिसले, तर मात्र व्यवहार सोडावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये ही बुरशी फार आढळते.

सध्या मी जुन्या ५५-२५० झूमच्या तोंडावर रेनॉक्स कंपनीची आठ डायॉप्टरची (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचे माप) क्लिपवाली भिंग-जोडणी लावून काम करतो. तिचे केंद्रांतर १२५ मिलिमीटर आहे, त्यामुळे २५० वर झूम केल्यावर प्रतिमा खऱ्या आकाराच्या जवळजवळ दुप्पट मिळते आणि किड्यापासून दहा-बारा सेंटीमीटर लांब राहता येते. एवढ्या जवळून एफ ११ वरही, म्हणजे अपर्चर बरेच लहान करूनही, फोकसमध्ये राहणारा थर मिलिमीटरभरापेक्षा कमी असतो आणि लहान अपर्चरमुळे उजेड कमी पडतो, तेव्हा साध्या फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूझर बांधून मी उजेडाची सोय केली आहे. हे सगळे मिळून नऊ हजारांच्या आत बसले. ३४,००० खर्च करण्याआधी हा मार्ग मी करून पाहिला असता, तर घाई करण्याची वेळच आली नसती.

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका परिचिताने मला एका जाहिरातीतले फोटो पाठवले आणि ही लेन्स घेऊ का, असे विचारले. फोन क्रमांक वेगळा होता, नाव वेगळे होते, गाव वेगळे होते. जास्वंदीच्या पानावरचा हिरवा-सोनेरी भुंगेरा मात्र तोच होता आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांचा तोच तुटका भाग होता. माझ्या सांगण्यावरून त्यांनी विक्रेत्याकडे सर्वांत जवळच्या अंतरावरून काढलेला स्टीलच्या पट्टीचा फोटो आणि खटक्यांवरची टेप काढलेला व्हिडिओ मागितला. तो निरोप वाचला गेल्याची खूण आली, उत्तर आले नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती जाहिरात काढून टाकलेली होती.