हरणाच्या शिकारीसाठी ३-९×४० स्कोप : पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

.३०८ काडतुसाच्या बोल्ट-ॲक्शन रायफलवर हा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हंगामभर राहिला. झूम ३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी. एक इंची नळी, ड्युप्लेक्स रेटिकल (नेमाची फुली, कडेला जाड आणि मध्ये बारीक रेषांची), पाव एमओएचे क्लिक (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; एका क्लिकला नेम तेवढा सरकतो). रेटिकलमध्ये दिवा नाही. घेताना बहुतेकांचा आग्रह जास्त झूमचा होता. आता माझं मत पक्कं आहे: हरणासाठी स्कोप निवडताना आधी झूमचा खालचा आकडा बघा.

दाट झाडीत हरीण पन्नास-साठ मीटरवर अचानक दिसतं आणि क्षणात झाडाआड जातं. ३ वर ठेवलं तर १०० मीटरवर साधारण दहा-अकरा मीटर रुंदीचं दृश्य मिळतं. ९ वर ते चारच्या आसपास येतं. इतक्या जवळून ९ वर नुसती तपकिरी कातडी दिसते, खांदा कुठला आणि मांडी कुठली ते कळत नाही. चालताना मी ३ वरच असतो, मचाणावर ४-५. ९ लागतं ते झिरो करताना, म्हणजे कागदावर गोळ्या मारून स्कोपचा नेम जुळवताना.

खरा कस संध्याकाळी लागतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ९ वर तो ४.४ मिमी, ६ वर ६.७. अंधारात आपली बाहुली पाच ते सात मिमीपर्यंत उघडते, वयानुसार कमी. म्हणून उजेड उतरला की झूमही उतरवा, चित्र लगेच उजळतं. ५० मिमीचं भिंग इथे मदत करतं हे खरं, पण त्यासाठी स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. मी ४० वरच राहीन.

आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसतं तेव्हाचं डोळा ते स्कोप अंतर, ९० मिमीच्या खाली नको. चढावर नेम धरताना भुवई आपोआप पुढे सरकते आणि .३०८ चा धक्का स्कोपची कड थेट भुवईवर आणतो. स्कोप बसवताना शिकारीचं जाड जॅकेट घालूनच अंतर ठरवा.

१५० ग्रेनच्या (सुमारे ९.७ ग्रॅम) गोळीसाठी १०० मीटरवर ५ सेंटीमीटर वर झिरो ठेवला आहे. मग १८० मीटरच्या आसपास गोळी बरोबर मध्यावर लागते. हरणाचं मर्मस्थान साधारण २० सेंटीमीटरचं, त्यामुळे तिथपर्यंत टरेटला (नेम सरकवायच्या स्कोपवरच्या चकतीला) हात लावायची गरजच पडत नाही. झिरो हलला तर स्कोपला दोष देण्याआधी स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंग आणि बेसचे स्क्रू तपासा. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने, १५ ते १८ इंच-पौंडांवर. जास्त आवळले की नळी दबते. माझा झिरो हंगामभर टिकला, तरी प्रत्येक प्रवासानंतर एक गोळी कागदावर मारून बघतोच.

तक्रारी दोन. थंडीत झूमची रिंग इतकी जड होते की हातमोजा घालून फिरत नाही. आणि परवानगीच्या वेळेतल्या शेवटच्या मिनिटांत काळ्या झुडपावर रेटिकलच्या मधल्या बारीक रेषा हरवतात. दाट जंगलात बसणाऱ्यांनी मध्ये प्रकाशित ठिपका असलेलाच घ्यावा. मात्र त्याची सर्वात मंद पायरी अंधारात डोळ्याला लावून बघा. ती झगमगीत असेल तर ठिपका दिसेल, हरीण दिसणार नाही.

स्कोपइतकीच गळ्यात दुर्बीणही हवी. झुडपामागे हललं ते हरीण की माणूस, हे स्कोपमधून बघायचं म्हणजे भरलेली रायफल त्याच्यावर रोखायची. ते कधीही करू नका.