फ्लॅपवर डोळ्यांत तेल घालून लक्ष

आबांच्या गालाचा कॅन्सर काढून तिथं मांडीचं मांस-कातडी बसवली, त्यालाच फ्लॅप म्हणतात. संभाजीनगरच्या त्या वॉर्डातल्या नर्सिंगला माझे पाचपैकी पाच.

सुरुवातीला सिस्टर दर तासाला, रात्रीसुद्धा, टॉर्च घेऊन यायच्या. फ्लॅपचा रंग बघायच्या, ऊब बघायच्या, बोटानं हलकं दाबून रक्त किती वेळात परततं ते मोजायच्या. निळसर पडला तर रक्त साचतंय, पांढरा पडला तर पोचत नाही. दोन्हीत सर्जनला तिथल्या तिथं फोन. श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची पट्टी त्यांनी कधी आवळू दिली नाही, फ्लॅपचं रक्त अडू नये म्हणून. बोलता येईना म्हणून आबांना पाटी-पेन्सिल दिली. नाकातल्या नळीतून अन्न देताना डोकं उंच ठेवायचं, हे आईला हाताला धरून शिकवलं.

नातेवाइकांना बसायला जागा कमी आहे. बीड-जालन्याहून येणाऱ्यांनी सतरंजी आणावी.