घरी केलेलं कॉफी सिरप: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत बेंगळुरूच्या नणंदेने कॉफीत घालायच्या हेझलनट सिरपची बाटली पाठवली होती. ७०० मिलीची, पंपवाली. लेकीने ती डिसेंबर संपायच्या आत रिकामी केली. दुसरी आणायला गेले तर किंमत साडेसातशेच्या घरात. लेबल वाचलं: पहिला घटक साखर, दुसरा पाणी. बाटली परत फळीवर ठेवली आणि घरी आले. साखर पंचेचाळीस रुपये किलो, पाणी नळाला, आणि पाक काय आपण करतोच. जानेवारीत सुरुवात केली, आता ऑगस्ट संपत आला. या आठ महिन्यांत काय जमलं, काय नाही, ते लिहून ठेवते.

पहिला घाण पाकामुळेच फसला. आपला हात रव्याच्या लाडवांवर बसलेला. पाक म्हटला की बोटं आपोआप तार बघतात. मीही एकतारी होईपर्यंत उकळला, वेलची घातली, ऐटीत बाटलीत भरला. दुसऱ्या दिवशी पंप दाबला तर हलेना. बाटलीच्या तळाला बोटभर खडीसाखर, आणि पंपाची नळी तिच्यात रुतलेली. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली अर्धा तास उभी केली तेव्हा सुटली. कॉफीला लाडवाचा पाक नको, गुलाबजामचा हवा. बोटांना चिकटला पाहिजे, पण तार येता कामा नये. हे एवढं कळायला मला अर्धा किलो साखर लागली.

आता माझं माप ठरलंय: ५०० ग्रॅम साखर, २५० मिली पाणी. वाट्यांनी नाही, काट्यावर. साखर विरघळून एक चांगली उकळी आली की अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, मंद आचेवर पाचेक मिनिटं, गॅस बंद. लिंबू चवीसाठी नाही. आंबटाबरोबर उकळताना थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ती मिसळण असली की पाक सहजी दाणेदार होत नाही. आई पाकात लिंबू पिळायची ते यासाठीच. मला इतकी वर्षं वाटायचं, मळी काढायला. एवढ्या मापात साधारण ५५० मिली सिरप होतं.

साखर कमी करून बघितली का? बघितली. समसमान, म्हणजे ५०० ला ५००. चवीला हलकं, ओतायला सोपं, पण एप्रिलमध्ये मुलुंडच्या हवेत बाटली ओट्यावर राहिली आणि नवव्या दिवशी झाकण उघडलं तर फुस्स झालं. आंबूस वास, वर बारीक फेस, आणि गळ्याशी बुरशीचं पांढरं कडं. साखर भरपूर असली की ती पाणी धरून ठेवते, जिवाणूंना ते मिळत नाही. मुरांबा टिकतो तो याच कारणाने. साखर निम्मी केली की तो पहारा उठतो. समसमान करायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन आठवड्यांत संपवा. दुप्पट साखरेचं मी फ्रिजच्या दारात ठेवते, दोन-अडीच महिने बिनतक्रार राहिलंय. बाटली काचेची, उकळलेली, आणि आतून पूर्ण कोरडी. एक थेंब पाणी राहिलं तरी बुरशीला तेवढं पुरतं.

पंप मात्र त्याच नणंदेच्या बाटलीचा अजून वापरतेय आणि त्याच्याबद्दल माझं मत दर महिन्याला बदलतं. सोय आहे हे खरं. एका दाबात साधारण १० मिली पडतं (मी मोजलं, औषधाच्या टोपणाने). पण त्याच्या तोंडाशी एक थेंब नेहमी लोंबतो, तो वाळतो, आणि मग मुंग्या. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. आता पंपाची बाटली फक्त शनिवार-रविवार बाहेर निघते, पाण्याच्या ताटलीत उभी राहते, आणि रात्री पंप काढून गरम पाण्यात. एरवी साधा चमचा.

कॉफी आमच्याकडे दोन प्रकारची. माझी आणि नवऱ्याची फिल्टरची, माटुंग्याहून दळून आणलेली, २० टक्के चिकोरीवाली. लेकीची थंड, बर्फ घातलेली. सिरपचा खरा उपयोग तिच्या ग्लासात आहे. थंड दुधात साखर कितीही ढवळा, तळाशी वाळूसारखी बसते. सिरप दोन वेळा चमचा फिरवला की एकजीव.

फ्लेवरांमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी कॅरमलवर घालवला आणि मनगटावर त्याची खूणही आहे. यात पाक नाही, आधी कोरडी साखर. ३०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, मध्यम आचेवर. चमचा घालायचा नाही, पातेलंच हलवायचं. आधी कडेने पाणी सुटल्यासारखं होतं, मग मधाचा रंग, मग चहाचा. आणि मग एक क्षण येतो, घासलेल्या तांब्यासारखा रंग. तिथे थांबायचं. तिथून धूर निघेपर्यंत माझ्या गॅसवर अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, आणि धूर निघाला की ते कॅरमल नाही, करपलेली साखर. कॉफीत दुप्पट कडू लागते. नॉनस्टिकच्या काळ्या कढईत हा रंग दिसतच नाही, मी दोन घाण त्यातच जाळले. रंग आला की २०० मिली पाणी घालायचं. पहिल्या खेपेला मी नळाचं गार पाणी ओतलं. पातेल्यातून तोफ उडाल्यासारखी वाफ आली, पाक उसळून मनगटावर आला. तेलाचा थेंब निथळून तरी जातो, हा चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. आता शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवते, डावाने थोडं थोडं घालते, हात लांब, बाह्या खाली, आणि स्वयंपाकघरात दुसरं कोणी नाही. पाणी पडल्यावर साखरेचे दगड होतात, घाबरू नका, मंद आचेवर पाच-सात मिनिटांत विरघळतात. शेवटी चिमूटभर मीठ. चिकोरीच्या कॉफीत हे जे बसतं, ते विकतच्या कॅरमलला आमच्या घरी एकदाही जमलेलं नाही. विकतचं नुसतं गोड असतं. यात साखरेचा कडवटपणाही आहे, आणि कॉफीला सोबत त्याचीच लागते.

दालचिनीचं थोडक्यात: पूड घालू नका. मी घातली. सकाळी बाटली तिरकी केली तर भेंडी चिरताना निघते तशी बुळबुळीत तार. चव ठीक होती, पण कोणी प्यायला तयार होईना. आता दोन काड्या मोडून पाकात उकळते, रात्रभर तशाच ठेवते, सकाळी गाळते. एवढंच.

व्हॅनिलाच्या बाबतीत माझा जरा अपमान झाला. हौसेने खऱ्या शेंगा मागवल्या, एक शेंग दीडशे रुपयांना. उभी चिरली, सुरीच्या पाठीने आतले काळे दाणे खरवडले, पाकात उकळले, सालही बाटलीत ठेवलं. वास मऊ, थोडा लाकडासारखा, थोडा मनुकांसारखा. शेजारी दुसऱ्या पाकात वाण्याकडचा एसेन्स घातला, गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा. दोन्ही कॉफ्या न सांगता लेकीपुढे ठेवल्या. तिने एसेन्सची उचलली आणि म्हणाली, "आई, हीच खरी आहे ना?" तिची चूक नाही. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य पदार्थ, व्हॅनिलिन, जर्मनीत टीमन आणि हारमान यांनी १८७४ मध्येच प्रयोगशाळेत तयार केला होता. आपण लहानपणापासून कपातल्या आइस्क्रीमला व्हॅनिला म्हणत आलो ते बहुतेक वेळा त्याचंच. शेंगेतले बाकीचे वास आपल्या नाकाला परके आहेत. तेव्हापासून दुधाच्या कॉफीसाठी एसेन्स, आणि उरलेल्या दोन शेंगा साखरेच्या डब्यात खुपसून ठेवल्यात. ती साखर शिऱ्यात छान लागते.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला ते हेझलनट? नाही जमलं. सुक्यामेव्याच्या दुकानातून पाव किलो आणले, भाजले, फडक्यात चोळून सालं काढली, खलबत्त्यात भरड केली, पाकात उकळून गाळलं. वर तेलाचा तवंग, खाली उकडलेल्या शेंगांचा वास. आठवड्याने खवट. दाण्यातला वास तेलात असतो, आणि तेल काही पाकात उतरत नाही, हे आधी डोक्यात यायला हवं होतं. बाटलीतला तो "कॅफेचा" वास हवा असेल तर बाटलीच आणा. घरच्या सिरपकडून त्याची अपेक्षा ठेवून बसाल तर पैसेही जातील आणि घरी बोलणीही बसतील. आमच्याकडे दोन्ही झालं.

गुळाचं केलं मार्चमध्ये, कोल्हापूरहून आलेल्या काळपट गुळाचं. चव काकवीसारखी, फार आवडली. फक्त फडक्यातून गाळा, तळाशी बरीच माती आणि चिपाडाचे धागे निघतात. भानगड एकच, उकळत्या दुधात पडलं की दूध फाटतं, गुळाच्या चहाचं होतं तसंच. मी आता कॉफी कपात ओतून, थोडी निवली की मग घालते. थंड कॉफीत काहीच अडचण नाही. सोड्यातही मस्त, लिंबू पिळून. तसं पाहिलं तर ही सिरपं सोड्यासाठीच निघालेली. सॅन फ्रान्सिस्कोची टोरानी ही सिरपची कंपनी १९२५ मध्ये सुरू झाली ती सोड्यात घालायची सिरपं करत, कॉफी नंतर आली.

हिशेब विचाराल तर ५५० मिली साध्या सिरपला साखर तेवीस रुपयांची, मसाला आणि गॅस धरून पस्तीस-चाळीस. स्वस्त आहेच. पण दुसरा हिशेब नवऱ्याने मांडला: महिन्याला तीन किलो साखर यायची, ती चार किलोवर गेली. माझ्या मापाच्या १० मिली सिरपमध्ये जवळजवळ नऊ ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन छोटे चमचे. पंप दाबताना ते जाणवत नाही, डब्यातून चमच्याने घालताना जाणवतं. लेक तीन पंप मारायची. आता ग्लासावर रबरबँड लावलाय, त्याच्या वर सिरप जायचं नाही. बिनसाखरेचं करायला गेले, गोडवा आणणारी पूड घालून, तर ते पाण्यासारखं पातळ झालं आणि फ्रिजमध्येसुद्धा आठवड्याच्या आत बिघडलं.

आमच्या घरात टिकून राहिलेलं सिरप निराळंच आहे. सासरे, म्हणजे अण्णा, कॉफीत जायफळ घेतात. कॉफी म्हणजे जायफळाचीच, या मताची ती पिढी. सहाणेवर दुधाच्या थेंबात तीन-चार वेढे उगाळायचे आणि ते गंध बोटाने कपात सोडायचं. मला रोज सकाळी सहाण काढायचा कंटाळा, म्हणून फेब्रुवारीत सिरप केलं. पाकात जायफळ उकळलं, वास सगळा स्वयंपाकघरात गेला, बाटलीत नुसता तुरटपणा उरला. अण्णांनी झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाले, "सूनबाई, जायफळ उकळत नसतात." मग पाक कोमट झाल्यावर पाव जायफळ बारीक किसणीवर किसून घातलं, चार वेलदोड्यांचे दाणे कुटून, झाकण लावून रात्रभर ठेवलं, सकाळी मलमलीतून गाळलं. पाव म्हणजे पावच. जायफळ जास्त झालं तर कडू लागतं आणि जड पडतं, लहान मुलांच्या घरात तर हात आखडताच बरा.

हे इतकं बरोबर जमलंय की पाहुण्यांना मी आता दुसरं काही विचारतच नाही. नणंद मे महिन्यात आली तेव्हा तिने स्वतःच्याच पाठवलेल्या बाटलीत भरून ते बेंगळुरूला नेलं.

अण्णांना मात्र मार्चपासून साखर बंद आहे. दर घाणाला बाटली भरली की मी झाकण उघडून त्यांच्यापुढे धरते. ते हुंगतात, "थोडं कमी पडलंय" किंवा "हं, आहे" एवढंच बोलतात, आणि सहाण पुढे ओढून आपल्या बिनसाखरेच्या कपासाठी जायफळ उगाळायला घेतात. परवाच्या घाणाला "हं, आहे" मिळालंय.