सातबारा कुणाच्या नावावर? पार्कमधलं मॅन्युफॅक्चर्ड होम की स्वतःच्या जमिनीवरचं

माझा मावसभाऊ आणि त्याची बायको तीन महिन्यांपासून सॅन होझेच्या आसपास घर शोधताहेत. साध्या घरांच्या किमती ऐकून दोघांचा धीर सुटला आणि ते मॅन्युफॅक्चर्ड होमकडे वळले. म्हणजे कारखान्यात पोलादी चॅसीवर बांधून, चाकांवरून आणून जागेवर बसवलेलं घर. बोलताना सगळे अजूनही मोबाइल होमच म्हणतात. मी स्वतः नऊ वर्षं अशा घरात काढली आहेत, त्यामुळे घरं बघायला दोघं मला घेऊन गेले.

त्यांची यादी शेवटी दोन घरांवर आली. पहिलं साउथ बेमधल्या, म्हणजे सॅन होझेच्याच परिसरातल्या, एका पार्कमधलं. पार्क म्हणजे भाड्याच्या जागेवर उभ्या असलेल्या अशा घरांची वसाहत. १९८१ सालचं डबलवाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं घर, १,४४० चौरस फूट, मागणी २ लाख ९० हजार डॉलर. जागा पार्कमालकाची, तिचं भाडं महिना १,६५० डॉलर. दुसरं सॅन होझेपासून बरंच दूर, मँटिका गावाच्या बाहेर, १९९६ सालचं डबलवाइड, १,५६० चौरस फूट, अर्धा एकर स्वतःच्या जमिनीसकट ३ लाख ८५ हजार.

नाशिकहून मावशीने व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरं बघितली. किचन आवडलं, उजेड आवडला. मग म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण सातबारा कुणाच्या नावावर?" अमेरिकेत सातबारा नसतो, पण या घरांच्या व्यवहारात यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. घराची अवस्था कळते घराच्या पोटाखाली शिरल्यावर. किंमत ठरते त्याच्याही खालच्या जमिनीवर. हे दोन हिशेब वेगळे मांडायचे. एकत्र केले की माणूस फसतो.

आधी पाटी बघा

१५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून अमेरिकेत ही घरं केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे हडच्या, संहितेनुसार बांधावी लागतात. त्याआधीच्या घरांना कर्ज मिळणं फार अवघड, आणि १९६०च्या दशकाच्या शेवटापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या काहींमध्ये ॲल्युमिनियमचं वायरिंग असतं, ज्याचे जोड तापतात. रोख पैसे देऊन, सगळं बदलायच्या तयारीने घेत असाल तर गोष्ट वेगळी. एरवी मी तिकडे जाणार नाही.

नंतरच्या प्रत्येक घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, साधारण दोन बाय चार इंचांची. मागच्या टोकाला, फ्लोअरच्या पातळीपासून फूटभर वर शोधायची. डबलवाइड दोन भागांचं, म्हणून पट्ट्या दोन. आत किचनच्या कपाटात, बेडरूमच्या कपाटात किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ एक कागदी डेटा प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर कारखाना, तारीख, अनुक्रमांक आणि घर किती वारा, किती बर्फ, किती थंडी धरून बांधलंय ते लिहिलेलं असतं.

पार्कमधल्या घराची एकच पट्टी सापडली. मध्ये कधीतरी भिंतींवरचं बाहेरचं आवरण, म्हणजे साइडिंग, बदललं तेव्हा दुसरी गेली असावी. पट्टी पुन्हा बनवून मिळत नाही, पण आयबीटीएस ही संस्था अनुक्रमांकावरून पडताळणीचं पत्र देते आणि बहुतेक लेंडरना ते चालतं. डेटा प्लेटवर मात्र कुणीतरी कपाट रंगवताना पांढरा रंग फिरवला होता. मँटिकाच्या घरात दोन्ही पट्ट्या जागेवर होत्या, आणि बेडरूमच्या कपाटातली प्लेट पिवळी पडली असली तरी अक्षरन् अक्षर वाचता येत होती. १९९६ची तारीख बघून मला बरं वाटलं, कारण १९९४मध्ये इन्सुलेशनचे आणि वाऱ्याचे दोन्ही निकष कडक झाले. वाऱ्याचे नियम बदलण्यामागे १९९२चं अँड्र्यू चक्रीवादळ होतं. कॅलिफोर्नियातल्या माणसाला वाऱ्याचं फारसं पडलेलं नसतं, पण मँटिकाच्या जुलैत एसीचं बिल इन्सुलेशनवरच ठरतं.

घराच्या पोटाखाली

ही घरं किचनच्या काउंटरटॉपवरून पारखू नका. नवं क्वार्ट्झ बसवायला आठवडा लागतो. इन्स्पेक्टर असा गाठा ज्याने आधी मॅन्युफॅक्चर्ड घरं तपासली आहेत, आणि तो खाली शिरेल तेव्हा तुम्हीही टॉर्च घेऊन वाका.

घराच्या बुडाला एक काळं जाड आवरण असतं, त्याला बेली म्हणतात. त्याच्यावर इन्सुलेशन आणि पाण्याचे पाइप. पार्कमधल्या घरात मागच्या बाथरूमच्या खाली ती बेली पिशवीसारखी लोंबत होती. इन्स्पेक्टरने खालून बोट लावलं तर ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी हलली. वर जाऊन मी टबच्या कडेला पाय ठेवला. व्हिनाइलखालचा बोर्ड टाचेखाली दबला. जुन्या घरांच्या फ्लोअरला बऱ्याचदा भुसा दाबून केलेला पार्टिकलबोर्ड वापरलेला असतो, आणि एकदा पाणी प्यायलेला पार्टिकलबोर्ड सुकला तरी पूर्वीसारखा होत नाही. टब, कमोड, वॉटर हीटर आणि सरकत्या दाराचा उंबरा, या चार जागी बूट काढून चाला. टाच खोटं बोलत नाही.

सिंकखाली करड्या रंगाचे पाइप दिसले. पॉलिब्युटिलीन. साधारण १९७८ ते १९९५ या काळात ते सर्रास वापरले गेले. पाण्यातल्या क्लोरिनने ते आतून ठिसूळ होतात आणि कोणतीही खूण न देता फुटतात. बेलीत साठलेलं पाणी कुठून आलं याचं उत्तर तिथेच मिळालं.

डबलवाइडमध्ये दोन भागांना हवा पुरवणारा एक जाड लवचीक डक्ट घराखालून जातो. तो जमिनीवर पडून फाटला, किंवा रकून आणि मांजरांनी फाडला, की घराचा अर्धा भाग थंड होत नाही आणि तुम्ही पैसे देऊन घराखालची माती थंड करत राहता. पार्कमधल्या घरात त्याचा जोड निसटलेला होता. याच्या दुरुस्तीला फार पैसे लागत नाहीत. पण कित्येक वर्षं खाली कुणी डोकावलं नाही, एवढं त्यावरून कळतं.

मग ठोकळे. पार्कमधलं घर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर उभं आहे, त्यांना पिअर म्हणतात. वरच्या लाकडी पाचरी तीन ठिकाणी सैल होत्या. दोन भाग जिथे जुळतात तिथे हॉलच्या छतावर केसासारखी भेग होती, बेडरूमचं दार चौकटीला घासत होतं. घर एका बाजूला खचलंय. जॅक लावून पुन्हा लेव्हल करता येतं आणि दर काही वर्षांनी करावंही लागतं. मला जास्त खटकलं ते भूकंपाचं ब्रेसिंग, म्हणजे घर पिअरवरून घसरू नये म्हणून लावलेले आधार, नसणं. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात अशी हजारो घरं पिअरवरून खाली घसरली, आणि गॅसच्या जोडण्या तुटून काही पार्कांमध्ये आगी लागल्या. साउथ बेमध्ये राहायचं तर ब्रेसिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरा.

मँटिकाच्या घराचा पाया पक्का आहे, भोवती काँक्रीटची भिंत, आत जमिनीवर प्लास्टिकचा थर अंथरलेला. बेली ताणलेली आणि कोरडी. ड्रायरची हवा मात्र नळीने बाहेर न नेता खालीच सोडलेली होती. हे छोटं वाटतं. माझ्या घरात बसवणाऱ्याने असंच केलं होतं. दोन हिवाळ्यांत लाँड्रीखालचं इन्सुलेशन ओल्या कापसासारखं गळून पडलं, आणि वासाचं मूळ सापडायला मला आणखी वर्ष लागलं. तीस डॉलरची नळी वेळेवर बसली असती तर ते सगळं टळलं असतं.

मँटिकाच्या घराची मोठी अडचण वर होती. मागे काचेची खोली जोडलेली, तिचं छप्पर थेट घराच्या भिंतीवर टेकवलेलं. या घरांच्या भिंती कारखान्याने ठरवलेल्या वजनापुरत्याच असतात, म्हणून वाढीव खोली स्वतःच्या खांबांवर उभी असायला हवी. कॅलिफोर्नियात असा बदल करताना राज्याच्या गृहनिर्माण खात्याचं, म्हणजे एचसीडीचं, परमिट लागतं. विकणाऱ्याकडे ते नव्हतं.

आता किंमत

पार्कमधल्या घराचे २ लाख ९० हजार कशाचे, ते आधी फोडून बघा. नुसत्या घराची घसारा धरून किंमत सांगणारं जे. डी. पॉवरचं मार्गदर्शक आहे, जुने लोक त्याला नाडा म्हणतात. समजा त्यात या घराचे ४५ हजार निघाले. मग उरलेले २ लाख ४५ हजार तुम्ही भिंतींचे देत नाही. ते त्या गावात, त्या शाळांजवळ, त्या भाड्याने बसण्याच्या हक्काचे आहेत. मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलेल्यांना हे लवकर समजतं, नियम कितीही वेगळे असले तरी.

म्हणूनच भाडं हा किमतीचाच भाग आहे. त्याच भागातल्या दुसऱ्या पार्कमध्ये जवळपास असंच घर ३ लाख ३० हजारांना होतं आणि भाडं १,२५०. भाऊ म्हणाला, "दादा, चाळीस हजार जास्त आहेत." मी कागद काढला. महिन्याला ४०० डॉलर कमी, वर्षाला ४,८००, दहा वर्षांत ४८ हजार, आणि हे भाडं जराही वाढलं नाही असं धरून. शिवाय विकताना कमी भाड्याचं घर लवकर उचललं जातं. महाग दिसणारं घर स्वस्त होतं. दुर्दैवाने ते आम्ही पोहोचायच्या आत गेलं.

भाडं वाढण्याचा नियम गावागणिक वेगळा. सॅन होझेत वर्षाची वाढ महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्के, पण ३ टक्क्यांहून कमी नाही आणि ७ टक्क्यांहून जास्त नाही. काही गावांत अशी वेसणच नाही. वर्षाला नुसती ४ टक्के वाढ धरली तरी आजचे १,६५० दहा वर्षांनी २,४४२ होतात. विकणारा आज किती भरतो हे ऐकून थांबू नका. तुम्हाला किती पडेल ते पार्ककडून कागदावर मागा. कॅलिफोर्नियात पार्कमधलं घर घेऊ पाहणाऱ्याला ही माहिती लेखी मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. ग्राहक पसंत आहे की नाही हेही पार्क ठरवतं, सगळी कागदपत्रं दिल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत.

कर्जाचा फरक मोठा. पार्कमधलं घर कायद्याने गाडीसारखी जंगम चीजवस्तू, म्हणून त्यावरचं कर्जही तसंच: व्याज जास्त, मुदत कमी. पक्क्या पायावर, स्वतःच्या जमिनीवर असलेल्या घराला साधं गृहकर्ज मिळू शकतं, त्यासाठी कॅलिफोर्नियात ४३३-ए हा फॉर्म काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीच्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदलेला हवा. तो नोंदला की घराचं वेगळं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, संपतं आणि घर जमिनीचा भाग होतं. मावशीच्या सातबाऱ्याला इथे सगळ्यात जवळचा कागद हाच.

मूल्यमापन करणाराही त्या पायावरच्या घराकडे वेगळ्या नजरेने बघतो. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांप्रमाणे त्याला तुलनेसाठी किमान दोन विक्री मॅन्युफॅक्चर्ड घरांच्याच घ्याव्या लागतात. शेजारचं जागेवर बांधलेलं घर सहा लाखांना गेलं म्हणून हे वर जात नाही. मँटिकाच्या दलालाने असंच एक घर दाखवून किंमत पटवायचा प्रयत्न केला. तो आकडा सोडून द्या. अर्धा एकर जमीन वेगळी धरा, विहीर आणि सेप्टिक टँक वेगळे तपासून घ्या, मग घर.

मी काय सांगितलं

पार्कमधल्या घराच्या दुरुस्तीचे आकडे आम्ही गोळा केले: पाइप, बेली, टबखालचं फ्लोअर, लेव्हल आणि ब्रेसिंग मिळून साधारण २३ हजार. एवढे कमी करून, वर भाड्यासाठी आणखी उतरवून २ लाख ५० हजारांच्या आसपास मिळालं तरच घ्या, असं मी म्हटलं. चार-पाच वर्षं राहायचं असेल, दोघांची नोकरी तिथेच असेल आणि गाव भाडं आवरणारं असेल तर हा व्यवहार वाईट नाही. वहिनीचं ऑफिस तिथून बारा मिनिटांवर आहे. मँटिकाहून एस (ACE) ही रेल्वे पकडून सॅन होझेला रोज जाणं म्हणजे पहाट आणि संध्याकाळ दोन्ही गेली. हा खर्च कोणत्याही मूल्यमापनात दिसत नाही, पण लहान मूल असलेल्या घरात तो सगळ्यात मोठा असतो.

तरीही माझा कौल मँटिकाकडे होता. पोट कोरडं, कागद बरेचसे जागेवर, आणि घर जुनं होत जाईल तेव्हा खालची जमीन तुमचीच राहील. काचेच्या खोलीचं परमिट विकणाऱ्याने काढावं किंवा ती पाडून द्यावी, अशी अट ऑफरमध्ये घातली आहे.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. घर १९९६चं, आणि ४३३-ए नोंदलाय २००३ साली. मधली सात वर्षं ते याच जागी नुसत्या ठोकळ्यांवर होतं की दुसऱ्या कुठल्या पार्कमधून उचलून आणलं? एकदा दुसरीकडे बसलेलं घर बऱ्याच लेंडरना चालत नाही, आणि तसं निघालं तर उद्या विकतानाही ग्राहक कमी होतील. भावाने एचसीडीकडे जुन्या टायटलची माहिती मागितली आहे. उत्तर येईपर्यंत ऑफर कर्जाच्या अटीवर थांबवून ठेवली आहे. रेकॉर्डरच्या शिक्क्याच्या त्या पानाचा फोटो त्याने मावशीला पाठवला, आणि तिने लगेच उलट विचारलं, "आणि याच्या आधीचा फेरफार?"