क्राऊन-पिनियनचा प्ले: शिशाची तार की डायल गेज?

चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल खोलून झालंय, बेअरिंग नवी आणलीत, आणि प्ले, म्हणजे क्राऊन हा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन यांच्या दातांमधली मोकळीक, कशाने मोजायचा यावर गाडी अडलीय. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात याची दोन उत्तरं मिळतात. कुणी सांगतं शिशाची तार, कुणी सांगतं डायल गेज, म्हणजे टोकाची बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र. हाताने क्राऊन हलवून सांगणारे जुने मिस्त्रीही आहेत, आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण तो हात उसना मिळत नाही, म्हणून तो सोडून देतो.

तारेला कमी लेखू नका. ऊसाच्या सीझनमध्ये डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर फडातच बसला, तर खिशातून काढून लावता येईल असं तेच एक साधन. साखर कारखान्यातल्या मिलच्या मोठ्या उघड्या गिअरला फिटर लोक तारच लावतात, आणि तिथे ती शोभते. दातावर तार आडवी ठेवायची, पिनियन सावकाश फिरवून ती दातांतून काढायची, मग दाताच्या दोन्ही अंगांना चपटी झालेली जाडी मायक्रोमीटरने मोजून बेरीज करायची. तार मऊ शिशाचीच हवी. सोल्डरची लेड-फ्री तार कडक असते, आणि तार गरजेपेक्षा जाड असली की ती क्राऊनलाच मागे रेटते.

आता मला जे खटकतं ते. क्राऊनच्या दोन बाजूंच्या साइड बेअरिंगला आट्यांचे ॲडजस्टिंग नट असलेलं हाउसिंग घ्या. एका बाजूचा नट एक खाच सैल, दुसऱ्या बाजूचा तेवढाच आवळ, असं करत क्राऊन पिनियनकडे आणायचं असतं. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आवळून दिलेला दाब, तसाच राहिला पाहिजे. हे काम खाचेखाचेचं आहे. तारेने मोजताना प्रत्येक खाचेला नवी तार, पुन्हा फिरवणं, चिकटलेले शिशाचे तुकडे दातांतून टोकरून काढणं, पुसणं, मायक्रोमीटर. एवढं होईपर्यंत पान्यावरच्या हाताला आधीची खाच आठवत नाही. डायल लावला असेल तर नट फिरवायचा, पिनियन धरून क्राऊन पुढेमागे हलवायचं, की आकडा समोर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

दुसरी गोष्ट त्यातूनच निघते. प्ले एका दातावर मोजून भागत नाही. क्राऊन थोडंही वाकडं बसलं असेल, बोल्टखाली कचरा राहिला असेल, तर एका जागी ०.१५ मिमी आणि समोरच्या जागी ०.२५ येतो. हलक्या गाड्यांना साधारण ०.१३ ते ०.२० मिमी मागतात, मोठ्यांना जास्त; आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरावा. तारेनेही चार जागी मोजता येतंच. पण माणूस कंटाळतो, आणि दोन जागांवर थांबतो. डायलने चार काय, आठ जागा बघायला हात आखडत नाही.

डायलचेही त्रास आहेत. मॅग्नेटिक स्टँडला लोखंडी, स्वच्छ जागा लागते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर तो धरत नाही, पट्टी बोल्टला आवळून जुगाड करावा लागतो. टोक दाताच्या बाहेरच्या कडेला, दाताला काटकोनात टेकलं नाही तर आकडा फसवा. अडचणीच्या जागेत लिव्हरचा, म्हणजे आडवं हलणाऱ्या छोट्या टोकाचा, डायल सोयीचा, पण त्याचाही कोन सांभाळावा लागतो. आणि हे नाजूक हत्यार आहे. पोराच्या हातून एकदा फरशीवर पडलं की त्याच्यावर विश्वास ठेवणं अवघड.

शिमवालं हाउसिंग, म्हणजे नटांऐवजी पातळ चकत्या घालून क्राऊन सरकवायचं, असेल तर माझा कल आणखी डायलकडे झुकतो. तिथे प्रत्येक चुकीला बेअरिंग ओढून काढावी लागते. क्राऊन ०.१० मिमी सरकवलं तर प्ले ढोबळमानाने ०.०७ ने बदलतो, असा हिशोब धरून शिम निवडायची, तर मुळातला आकडा पक्का हवा.

जुनीच क्राऊन-पिनियन परत बसवणार असाल, तर खोलण्याआधीच प्ले मोजून लिहून ठेवा. घासून एकमेकांत बसलेल्या दातांना तोच प्ले परत द्यावा, मॅन्युअलमधला नव्याचा नव्हे. सगळ्या मोजणीत बेअरिंगवरच्या कॅप पूर्ण आवळलेल्या आणि बेअरिंगला प्रीलोड हवा, नाहीतर तार आणि डायल दोन्ही खोटं सांगतात.

पिनियन क्राऊनकडे किती खोल बसवलंय, हे मात्र यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी शेंदूर तेलात कालवून दातांवर लावा, फिरवा आणि दात एकमेकांना कुठे टेकतात तो ठसा बघा. प्ले बरोबर आणि ठसा दाताच्या बुडाशी, असं दिसलं तर पिनियनची शिम बदलावी लागते. मग प्ले पुन्हा पहिल्यापासून. चोर्ल्याच्या घाटात ॲक्सिलेटर सोडल्यावर येणाऱ्या कुईं आवाजाचं कारण मला बऱ्याचदा ठशातच सापडलंय.

वर्षात एखादंच डिफरन्शियल खोलत असाल तर तार पुरेल, असं मी म्हणेन. महिन्याला खोलत असाल तर लिव्हर डायल आणि चांगला स्टँड घ्या, आणि तारेचं भेंडोळं फडातल्या कामासाठी टूलबॉक्समध्ये राहू द्या.