शेतातला वायरलेस ब्रिज, दिवाळी ते आषाढ: यंत्र दमदार, सोबतचा कागद कुचकामी

गेल्या आठवड्यात शेजारच्या मळ्यातली मोटरची केबल रात्रीत कापून नेली, आणि नेमका त्याच रात्री आमचा विहिरीवरचा कॅमेरा बंद. त्याला घरचं इंटरनेट पोचवतो तो वायरलेस ब्रिज, म्हणजे एक नग घराच्या गच्चीवर आणि एक शेतातल्या खांबावर, असा बिनतारी जोड. सकाळी कस्टमर केअरला फोन लावला. पहिला प्रश्न, सिरियल नंबर सांगा. नंबर यंत्राच्या पाठीवर, यंत्र खांबावर पंधरा फुटांवर, आणि पाठ खांबाला घट्ट चिकटलेली. खोक्यावर दोन्ही नगांचे नंबर आहेत, पण घरचा कुठला आणि शेतातला कुठला हे त्यावरून कळत नाही. "नंबरशिवाय तक्रार नोंद होणार नाही सर," एवढंच तिकडून. नंबर मिळवायचा तर चालू यंत्र खाली उतरवायचं, म्हणजे जुळवलेली दिशा गेली. स्टिकर कुठे लावायचा हे ठरवणारा माणूस एकदा तरी शिडीवर चढला असता तर तो तिथे लावला नसता.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. यंत्र नेहमीचंच आहे: दोन नगांचा जोड, 5 गिगाहर्ट्झ, 13 डीबीआयचा अँटेना (लहर एका दिशेला किती एकवटतो त्याचं हे माप), 24 व्होल्टचं पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वर वीज. आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठाला. घरापासून मळीतली, म्हणजे नदीकाठच्या रानातली, विहीर सरळ रेषेत साधारण एक किलोमीटर. सिमवाला कॅमेरा बसवा असं सगळे सांगत होते, पण मोटर राखायला महिन्याच्या महिन्याला रिचार्ज भरणं मला पटत नाही. घरी ब्रॉडबँड आहेच, ते शेतापर्यंत न्यायचं, एकदाच खर्च. दोन नग मिळून आठ हजारांच्या आत बसले.

खालचा भाग मी मे महिन्यात लिहून ठेवला होता. तो आहे तसा देतो, कारण त्यातलं बरंचसं मत आजही तेच आहे.

मेपर्यंतचा अनुभव

यंत्र म्हणून तक्रार नाही. वळवाचे दोन मोठे पाऊस आणि एप्रिलचं ऊन खाऊनही कवच तडकलेलं नाही. दिवाळीत बसवलं तेव्हा सिग्नल उणे 58 डीबीएम होता (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), आणि एवढ्या अंतराला हिशेबाने तेवढाच यायला हवा. कॅमेऱ्याला तीन-चार एमबीपीएस लागतात, इथे त्याच्या कितीतरी पट मिळतात. रात्रीच्या थ्री फेजची पाळी असली की आण्णा आता घरातूनच बघतात की मोटर पाणी ओढतेय की नाही. पहाटे दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जाणं थांबलं, हे पैशात मोजता येत नाही.

पण खोक्यातला तो कागद! घडी उलगडली की टेबलाएवढा होतो, त्यावर ढिगाने भाषा, प्रत्येक भाषेत तीच चार चित्रं: खोकं उघडा, वायर जोडा, खांबाला बांधा, ॲप उतरवा. मराठी नाहीच. इंग्रजी येणाऱ्यालाही त्यातून मिळत काही नाही.

पीओईच्या अडॅप्टरचंच घ्या. दोन भोकं शेजारी शेजारी, एक राउटरकडे जाणारं, एक खांबावर जाणारं. अक्षरं आहेत, पण काळ्या प्लास्टिकवर काळीच, साच्यातून उठवलेली. टॉर्च तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. हे नुसतं गैरसोयीचं नाही. 802.3 एएफ हे पीओईचं प्रमाणित मानक 2003 चं आहे. त्यात वीज सोडण्याआधी पलीकडचं यंत्र ती घेणारं आहे का हे तपासलं जातं. पॅसिव्हमध्ये तसली विचारपूस नाही, 24 व्होल्ट कायम त्या तारांवर उभे असतात. चुकीच्या भोकातली वायर लॅपटॉपला लावली तर लॅपटॉपचा पोर्ट जाऊ शकतो. एवढी गोष्ट कागदावर ठळक नको? पांढऱ्या शाईचे दोन ठिपके दिले असते तरी भागलं असतं.

दुसरं वायरचं. गावातले वायरमन कॅमेऱ्याच्या लाईनला आठातल्या चारच तारा पिनेत दाबून बसवतात (क्रिम्प करतात), कारण 100 एमबीपीएसला चार पुरतात आणि वेळ वाचतो. इथे वीज जाते ती उरलेल्या दोन जोड्यांतून, निळ्या आणि तपकिरी. त्या सोडल्या की वर यंत्र मेलेलं दिसतं आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो. आमच्या वायरमनला आठही तारा लावायला मी शेजारी उभं राहून सांगितलं. हे मला दुसरीकडून माहीत होतं, कागदातून नाही.

आणि दिवे. माझा सगळ्यात जास्त राग या दिव्यांवर आहे. यंत्राच्या बुडाला सिग्नलचे चार दिवे. आण्णा शेतातून फोन करायचे:

"आरं, तीन हिरवे हायती, चवथा लुकलुकतोय. म्हंजे काय समजायचं?"

"आण्णा, थांबा, बघून सांगतो."

बघायचं कुठे? कागदात दिव्यांचं चित्र आहे आणि त्याखाली "सिग्नल" एवढा एकच शब्द. लुकलुकणं म्हणजे काय, किती दिवे म्हणजे पुरे, सगळे विझले तर काय करायचं, काही नाही. कंपनीच्या साइटवरच्या इंग्रजी पीडीएफमध्ये तक्ता आहे, पण ती पीडीएफ आधीच्या हार्डवेअर आवृत्तीची. आमच्या नगावर व्ही 3, पीडीएफमधले फोटो व्ही 1 चे, मेनूही निराळा. खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाला हाताशी फक्त ते चार दिवे असतात. तिथे त्याला उत्तर मिळत नसेल तर ॲप कितीही देखणं असो, यंत्र सोपं म्हणता येणार नाही.

दिव्यांचीच आणखी एक गोष्ट. घरी लाईट जाऊन आली की लिंक लगेच उठायची नाही. आईला वाटायचं अडकलं, ती बटण बंद करून परत चालू करायची, आणि वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून. कारण असं: 5 गिगाहर्ट्झमधले 52 ते 144 हे चॅनेल रडारही वापरतात. अशा चॅनेलवर बोलायला लागण्याआधी घरचा नग निदान 60 सेकंद गप्प बसून रडार आहे का ते ऐकतो. हा नियमाचा भाग आहे, बिघाड नव्हे. पण तेवढ्या वेळात दिवा कसा दिसेल आणि थांबायचं आहे, हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? चॅनेल ऑटोवरून काढून 149 केला आणि प्रश्न मिटला. 2018 च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे या पट्ट्यांना परवाना लागत नाही, सेटिंगमध्ये देश भारत निवडला की झालं.

मेमधला माझा निकाल होता: कागद वाईट, यंत्र उत्तम, पाचपैकी चार.

जून-जुलैमध्ये मत बदललं ते असं

मृगाच्या सुमारास सिग्नल उणे 70 वर आला. पावसात उणे 80, आणि मग कॅमेरा बंद. मी दिशा तपासली, वायर बदलली. कस्टमर केअरने फर्मवेअर अपडेट करा म्हणून सांगितलं, नंतर रीसेट करा म्हणून. घराच्या गच्चीवरून शेतातला खांब डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. कागदातही तेवढंच आहे, मधे अडथळा नसावा. अडथळा नव्हताच, मग बिघाड कुठे?

बिघाड उसात होता. मधलं सगळं रान भावकीचं, को 86032 जातीच्या उसाची आडसाली लागण, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावून दीडेक वर्षाने तोडायचा ऊस. दिवाळीत ऊस कमरेला होता, आता दहा-बारा फुटांवर गेलाय. रेडिओची लहर दोऱ्यासारखी सरळ जात नाही. तिला दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगलेली अशी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. एक किलोमीटर अंतर आणि 5.8 गिगाहर्ट्झ धरलं तर मध्यावर तिची त्रिज्या 3.6 मीटर येते, आणि त्यातली निदान 60 टक्के मोकळी हवी. गच्चीवरचा नग आठ मीटरवर, शेतातला साडेचार मीटरवर. शेताच्या टोकाला दोन नगांमधली रेषा खाली उतरते आणि तिथेच ऊस वर येतो. शेंड्यावरून खांब दिसतो म्हणून आपण म्हणतो मोकळं आहे, पण लहरीची खालची बाजू पाल्यातून जाते, आणि भिजलेला पाला 5 गिगाहर्ट्झला चांगलाच खातो.

हे यंत्र शेतावर लावा असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलंय. हिरवं शिवार, मधे खांब. मग पीक वाढतं हे लिहायचं कुणी? अंतर किती असेल तर खांब पिकाच्या किती वर हवा, असा चार ओळींचा तक्ता पुरला असता. सांगली-कोल्हापूरकडे तर हे यंत्र घेणाऱ्या बहुतेकांच्या वाटेत ऊस असणारच. माहिती मला मिळाली ती लोकांनी लिहिलेल्या पानांवर. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठी लोकांनी मिळून बनवलेली मोफत प्रणाली, तिच्या विकीवर कितीतरी यंत्रांची हार्डवेअर आवृत्तीनुसार वेगळी पानं आहेत, दिवे, बटणं, परत उठवायची पद्धत, सगळं. हे काम लोक फुकट करतात आणि कंपनी पैसे घेऊन करत नाही, याचा मला खरंच संताप आहे.

उपाय दोन केले. चॅनेलची रुंदी 80 वरून 20 मेगाहर्ट्झवर आणली. वेग कमी होतो, पण त्याबरोबर लहरींमधला गोंगाटही (नॉइज) चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे 6 डीबीचा फायदा. कॅमेऱ्याला 20 मेगाहर्ट्झची रुंदी भरपूर. दुसरं म्हणजे खांबाला जीआय पाईपचा दहा फुटांचा तुकडा वेल्डिंग करून वाढवला. परवा वर चढवलं, सिग्नल उणे 61, कालच्या पावसातही हलला नाही. वर बांधण्याआधी पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून तो प्रिंट करून स्टार्टरच्या पेटीत आतून चिकटवलाय. 2019 च्या महापुरानंतर पेटी आम्ही उंचावर नेलीच आहे, त्यामुळे कागद तिथे टिकेल. शेजारी दिव्यांचा तक्ता मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावला. आता आण्णा फोन करत नाहीत.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. पाईप जोडताना अडॅप्टर हातात घेतला तर त्याच्या बाजूला टाचणीचं एक भोक दिसलं. तो लांबूनचा रीसेट आहे, वर न चढता खालूनच यंत्र मूळ सेटिंगवर येतं. फार कामाची सोय आहे. कागदात तिचा उल्लेख नाही, आणि फोनवरच्या माणसालाही ती माहीत नव्हती. त्याने मला शिडी लावायला सांगितलं होतं.

आता निकाल. यंत्राला चार कायम, कागदाला एक, सर्व्हिसला एकसुद्धा देणार नाही. अंतर किलोमीटरच्या आत असेल आणि मधे ऊस असेल तर घ्या, पण सुरुवातीलाच पंचवीस फुटांचा खांब धरून चला. पाईप, वेल्डिंग, दोन गड्यांची मजुरी मिळून मला वरचे अडीच हजार पडले. ते बिल मी कंपनीला तक्रारीसोबत पाठवलंय.